स्मेलहोम टॉवर, १:५० : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

काम : स्मेलहोम टॉवरचं उभा छेद दाखवणारं मॉडेल, प्रमाण १:५०. सोबत शेजारी ठेवायला दोन-तीन लहान नमुने, हार्लचा (भिंतीवर फेकून बसवलेल्या चुन्याच्या गाऱ्याचा) एक फलक आणि मराठी माहितीपाट्या.

टॉवर स्कॉटलंडच्या, इंग्लंडला लागून असलेल्या बॉर्डर्स भागात, केल्सो गावाच्या पश्चिमेला आठ-नऊ किलोमीटरवर एका उघड्या खडकावर उभा आहे. पंधराव्या शतकात प्रिंगल घराण्याने बांधला, १६४५ मध्ये हार्डनच्या स्कॉट घराण्याकडे गेला. उंची सुमारे २० मीटर, बाहेरून अदमासे १२ बाय १० मीटर, भिंत जिथे जाड आहे तिथे अडीच मीटर. मॉडेलमध्ये हे ४०० मिमी उंच, २४० बाय २०० मिमी आणि भिंत ५० मिमी असं उतरतं.

क्रेगिवारसारखं गुलाबी, शेंड्याला मनोरे फुटलेलं टॉवर हाउस (किल्ल्यासारखं बांधलेलं उंच राहतं घर) दिसायला जास्त छान दिसलं असतं. तरी स्मेलहोमच घ्यायचं ठरलं, कारण हा निव्वळ आयत आहे. जमिनीवर पसरलेलं घर उचलून उभं केलं तर काय होतं, ते इथे कुठल्याही सजावटीशिवाय दिसतं : तळाला कोठार, त्यावर बैठकीचं दालन, त्यावर धन्याची खोली, सगळ्यात वर पहारा. नंतरच्या दीड-दोनशे वर्षांत याच आयताला पंख फुटत गेले.

छेद आडवा, म्हणजे लांबीला काटकोनात घ्यायचा. लांबीच्या दिशेने कापलं तर तळघराची कमान शेंड्यावरच चिरली जाते आणि तिचा गोल दिसत नाही. जिन्याकडचा भाग स्थिर, दुसरा भाग रुळावर सरकणारा.

१२ जून

भिंतीचा हिशोब. बाहेरून १२० चौरस मीटर, दोन्हीकडून अडीच-अडीच मीटर वजा केले की आत उरतात ७ बाय ५, म्हणजे ३५ चौरस मीटर. जागेचा सत्तर टक्के भाग भिंतीनेच खाल्ला! एका मजल्यावर वापरायला मिळतात पावणेचारशे चौरस फूट, मुंबईच्या वन-बीएचकेएवढे.

पूर्ण उंचीभर हीच जाडी धरली तर १७०० घनमीटर बांधकाम. वर भिंती बारीक होतात, खिडक्या-कोनाडे वजा जातात, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजायचा. अनगड दगडाच्या भिंतीत तिसरा हिस्सा चुन्याचा गारा धरला तर साडेपाचशे घनमीटरपर्यंत गारा. चुना भाजायला लागलेलं जळण, वाळू, पाणी, हे सगळं त्या खडकावर चढवणं : खरा खर्च तिथे. घडीव दगडाचं काम त्या मानाने थोडं.

भिंत एकसंध नसते. बाहेरचा आणि आतला असे दोन पदर नीट रचलेले, मध्ये दगडगोटे आणि गारा. अशा भिंतीचा शत्रू तोफेइतकाच पाऊस. माथ्याचं छप्पर गेलं की पाणी मधल्या भरावात उतरतं, चुना धुऊन नेतं, भराव खाली बसतो आणि पदर पोट सुटल्यासारखे बाहेर येतात. पडक्या टॉवरला आधी माथा बंद करावा लागतो तो यासाठीच.

मॉडेल भरीव ओतलं तर साडेतेरा लिटर प्लास्टर, पंधरा किलोच्या पुढे वजन. म्हणून ६ मिमी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची) पोकळ पेटी, वर ६ मिमी प्लास्टरचा थर. छेदाच्या कडेवर मात्र भिंत भरीव दिसली पाहिजे. तिथे दोन पदर आणि मधला भराव वेगळ्या रंगात.

१८ जून

खडकाचा पाया. ५० मिमी एक्सपीएसचे (दाट फोमचे) थर, गरम तारेने कापून. साधा पांढरा थर्मोकोल नको, दाणे सुटतात आणि कडा गोल होतात.

आवाराची भिंत, म्हणजे बार्मकिन, हिचं माप कुठून घ्यायचं यावर चर्चा. १५३५ च्या स्कॉटिश संसदेच्या कायद्यात नेमकं माप सापडतं : सीमाभागात शंभर पौंडांची जमीन असलेल्या प्रत्येकाने दगड-चुन्याचं बार्मकिन बांधावं, साठ फूट चौरस, एक एल जाड, सहा एल उंच. टॉवर हवा तर बांधावा, ती सक्ती नाही. स्कॉटिश एल म्हणजे ३७ इंच. त्यामुळे भिंत ९४ सेंटिमीटर जाड आणि साडेपाच मीटरहून थोडी उंच. १:५० मध्ये ३६६ मिमी चौरस, १९ मिमी जाड, ११३ मिमी उंच.

पण हे माप इथे लावायचं नाही. स्मेलहोम या कायद्याच्या आधीचं आहे आणि इथली भिंत खडकाच्या कडेने वाकडीतिकडी जाते, चौरस नाही. कायद्यातलं बार्मकिन पाटीवर रेषाचित्रात दाखवायचं. कायदा काय सांगतो तेही पाटीवर हवं : सक्ती आवाराची होती. गुरं आणि कुळं आत घेता आली पाहिजेत. टॉवर ही धन्याची सोय.

२५ जून

पेटी उभी केली. पावसाळी हवेत एमडीएफच्या कापलेल्या कडा फुगतात; ६ मिमीची कड साडेसहाच्या पुढे जाते आणि खाचा बसत नाहीत. कापल्याबरोबर कडांना लाखेच्या पॉलिशचे दोन हात, मग जुळणी. पॉलिश सांध्यात गेलं तर मात्र फेविकॉल धरत नाही. सांध्याला आधी चिकटपट्टी लावून ठेवायची.

ओळंबा चारही कोपऱ्यांवर तपासला. सरकणाऱ्या भागाला २ मिमी फट ठेवली. प्लास्टर चढल्यावर ती एक मिमी उरेल.

३ जुलै

तळघराची कमान. या मॉडेलचा गाभा हाच.

गाळा ५ मीटर, अर्धगोल, म्हणजे मॉडेलमध्ये त्रिज्या ५० मिमी. साचा : ९० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप, वर ५ मिमी फोमशीट गुंडाळून बरोबर १००. प्लास्टर वजनाने १०० भाग, पाणी ६५ भाग. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात.

अर्धगोलाच्या खालच्या कडा उभ्या असल्यामुळे साचा तिथेच अडकतो. ओढून काढायला गेलं की कमान शेंड्यावर तडकते. उपाय : पाइप लांबीने खालच्या बाजूला चिरायचा, चिरेत ४ मिमीची लाकडी पाचर ठेवायची आणि मग ओतायचं. प्लास्टर गरम होऊन पुन्हा गार झालं की आधी पाचर काढायची. पाइप आत मिटतो आणि कमान स्वतःच्या पायावर राहते. खऱ्या बांधकामात लाकडी केंद्रण, म्हणजे कमानीखालचा तात्पुरता साचा, पाचरींवर बसवून हळूहळू सैल करतात, तत्त्व तेच. आयर्लंडच्या टॉवर हाउसमध्ये केंद्रणावर विणलेल्या काटक्यांच्या चटया टाकत, त्यांचे ठसे कमानीच्या पोटातल्या गाऱ्यात आजही दिसतात.

कमान बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलते. भिंत अडीच मीटर असण्याचं अर्धं उत्तर इथे आहे. वरच्या तीन मजल्यांचं वजन तो तिरका दाब खाली वळवतं आणि तो जाड भिंतीच्या आतच जमिनीत उतरतो. नुसतं ‘संरक्षणासाठी जाड भिंती’ असं पाटीवर लिहिलं तर अर्धंच खरं.

कमानीच्या खांद्यांवर भराव घालून वर दालनाची सपाट फरशी होते. खाली, कमान सुरू होते त्या पातळीवर, लाकडी माळा. माळ्याच्या तुळया भिंतीतून पुढे काढलेल्या दगडी तोड्यांवर बसवल्या. मॉडेलमध्ये ६ बाय ६ मिमी सागाच्या पट्ट्या.

दगडी कमान ठेवण्याचं कारण आग. गुरं पळवणाऱ्या रीव्हर टोळ्या दाराशी ओला पेंढा पेटवून आतल्यांना धुराने बाहेर काढत. तळाला लाकडी तक्तपोशी असती तर एका मशालीत घर गेलं असतं. उलटी युक्तीही होती. टॉवर सोडून पळायची वेळ आली की घरमालक आत पीट (दलदलीतली जळाऊ माती) भरून धुमसत ठेवून जात. मग शत्रूला आत शिरून बंदुकीच्या दारूने टॉवर उडवता येत नसे. परत आल्यावर नवं लाकूडकाम केलं की घर पुन्हा तयार.

९ जुलै

जिना. दार दक्षिणेच्या भिंतीत तळालाच, आणि त्याच कोपऱ्यात भिंतीच्या पोटात चक्री जिना. पोकळीचा व्यास १.८ मीटर धरला, बाहेरच्या बाजूंना ८०० मिमी जाडी राखली. हिशोब केला की पोकळी आणि आतल्या खोलीचा कोपरा यांच्यात तेवीस सेंटिमीटर भिंत उरते. 

एका फेऱ्यात १२ पायऱ्या, प्रत्येकी २० सेंटिमीटर उंच. फेऱ्याची उंची २.४ मीटर, डोक्यावर मोकळे २.२. एका फेऱ्यात १० पायऱ्या घेतल्या तर डोकं आपटतं, १५ घेतल्या तर चालायच्या रेषेवर पाऊल टेकायला २३ सेंटिमीटरच मिळतात. बारा घेतल्या की २९ मिळतात. फांजीपर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या पहाऱ्याच्या वाटेपर्यंत, ७६ पायऱ्या. हे सगळे आकडे मॉडेलसाठी ठरवलेले आहेत, पाटीवर तसं लिहायचं.

खरी पायरी म्हणजे एकच दगड : बाहेरचं टोक भिंतीत, आतलं टोक गोल घडवलेलं. गोल टोकं एकावर एक बसली की मधला खांब आपोआप तयार होतो, त्याला वेगळा दगड नाही. मॉडेलमध्ये ३ मिमी एमडीएफ अधिक १ मिमी कार्ड, मध्ये ३ मिमीची पितळी सळई.

इथे घात करतो तो गोंद. प्रत्येक सांध्यात फेविकॉलचा दहावा मिमी धरला तरी ७६ पायऱ्यांत साडेसात मिमी होतात, म्हणजे जवळजवळ दोन पायऱ्या. दालनाचं दार आणि जिन्याचा टप्पा जुळत नाहीत. दर बारा पायऱ्यांनी ४८ मिमीचा ठोकळा शेजारी उभा करून मोजायचं आणि पुढच्या फेऱ्यात एका पायरीचं कार्ड कमी जाडीचं घ्यायचं.

चढताना उजवीकडे वळणारा जिना म्हणजे वरच्या उजव्या हाताच्या तलवारबाजाची सोय, ही गोष्ट पाटीवर नको. टॉवरमध्ये शत्रू जिन्यापर्यंत आला तर लढाई संपलेलीच असते. फर्निहर्स्टच्या केर घराण्याची डावखुऱ्यांसाठी उलट्या जिन्याची कथा मजेदार आहे, पण ती कथाच.

१६ जुलै

दालन. छेदात भिंतीच्या जाडीतल्या जागा मोकळ्या ठेवल्या : खिडकीच्या कोनाड्यात समोरासमोर दगडी बाकं, एका भिंतीत शौचकूप, लहान कपाटासारखे कोनाडे. ३५ चौरस मीटरच्या खोलीत पार्टिशन घालावं लागत नाही, कारण लागणाऱ्या सगळ्या लहान खोल्या भिंतीतच कोरलेल्या असतात. परवाच्या हिशोबात सत्तर टक्के वाया गेल्यासारखे वाटले होते, ते इथे परत मिळतात.

खिडकीचे कोनाडे आत रुंद, बाहेर अरुंद. बाहेरची भोकं कापताना फाइल आतून चालवायची, बाहेरून चालवली तर कड तुटते.

१८ जुलै

येट. टॉवर हाउसच्या लाकडी दारामागे असणारं लोखंडी जाळीचं दार. १:५० मध्ये गज अर्ध्या मिमीचे होतात, काहीच कळत नाही. म्हणून वेगळा नमुना १:५ मध्ये, ६ मिमी गज, चार उभे, सहा आडवे.

स्कॉटिश येटची खुबी अशी की गज एकमेकांवर टाकलेले नसतात, एकमेकांतून ओवलेले असतात. आणि तेही अदलाबदलीने. जाळीचे चार भाग पाडले तर कर्णावर समोरासमोरच्या दोन भागांत आडवे गज उभ्यांतून जातात, उरलेल्या दोन भागांत उभे गज आडव्यांतून. म्हणजे प्रत्येक गजाची अर्धी लांबी साधी, अर्ध्या लांबीत डोळे. डोळा पाडायला गज लाल करून मधून चिरायचा आणि सुंभ्याने रुंदवायचा. छिद्र सरळ ड्रिलने पाडलं तर गज तिथे बारीक होतो आणि ताकद जाते. चिरून रुंदवलं की धातू बाजूला सरकतो, कमी होत नाही.

जुळणी मधून बाहेर. साधी टोकं डोळ्यांतून सरकवत न्यायची, शेवटी भोवतीची चौकट रिव्हेट करायची. चौकट तोडल्याशिवाय एकही गज निघत नाही. या गोष्टीचा धसका सरकारनेही घेतला होता : १६०६ मध्ये स्कॉटलंडच्या प्रिव्ही कौन्सिलने सीमाभागातल्या कमी दर्जाच्या घरांतली लोखंडी येट काढून त्यांचे नांगराचे फाळ करा, असा हुकूम काढला. तीन वर्षांपूर्वी, १६०३ मध्ये, इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन्ही राज्यांचा मुकुट एकाच डोक्यावर आला होता. सीमेवरच्या बंदिस्त घरांचं कारणच संपत आलं होतं.

२८ जुलै

बाहेरचा थर. एमडीएफवर पॉलिश, मग तागाची जाळी स्टेपल करून प्लास्टर. जाळीशिवाय लावलेलं प्लास्टर कोपऱ्यावरून पापुद्र्यासारखं सुटतं.

स्मेलहोमचा दगड म्हणजे काळपट ज्वालामुखी खडक, तिथल्या टेकडीचाच. त्यासाठी रंग शोधायची गरज नाही. क्रशरवरची काळ्या दगडाची भुकटी बारीक चाळणीतून काढून पातळ फेविकॉलवर भुरभुरली. सह्याद्रीचा बेसाल्ट इथे चपखल बसतो. मात्र ओली भुकटी फार काळी दिसते, वाळल्यावर पाहूनच दुसरा हात द्यायचा की नाही ते ठरवायचं.

हा खडक वेडावाकडा फुटतो. त्यामुळे कोपरे आणि दार-खिडक्यांच्या चौकटी लाल वालुकाश्मात. कोपऱ्याचे दगड १२ बाय ६ मिमी, एक लांब एक आखूड असे आलटून पालटून, म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींत गुंततात. रेषा कोरताना पट्टी वापरायची नाही. सरळ थर दिसले की लगेच विटांची भिंत वाटते.

५ ऑगस्ट

माथा. फांजी फक्त उत्तर आणि दक्षिण बाजूला, पूर्व-पश्चिमेला गॅबल, म्हणजे छपराच्या टोकाच्या त्रिकोणी भिंती. उत्तरेच्या फांजीवर पहारेकऱ्याचं दगडी आसन, धुराड्याच्या आधाराने, शेजारी कंदिलासाठी कोनाडा. पाठीला शेकोटीची ऊब आणि समोर उत्तरेकडून येणारा प्रत्येक घोडेस्वार. मॉडेलमध्ये आसन ९ मिमी रुंद. छोटं आहे, पण लोक हेच बघायला वाकतील, म्हणून इथे कोरीवकाम नीट.

फांजीच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार आणि पाणी काढायला पन्हाळ्या. उतार उलटा गेला तर काय होतं ते १२ जूनच्या नोंदीत आहे.

१४ ऑगस्ट

हार्लचा फलक, ६०० बाय ४५० मिमी. स्मेलहोमसाठी नाही, क्रेगिवारसाठी. ॲबर्डीनशायरमधला हा टॉवर विल्यम फोर्ब्स या बाल्टिक किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या सौदागराने मॉर्टिमर घराण्याकडून घेतला आणि १६२६ मध्ये पुरा केला. बाहेरून पूर्ण हार्ल केलेला.

हार्ल म्हणजे जाड वाळूचा चुन्याचा गारा भिंतीवर फेकून बसवलेला. थापीने ओढलेलं प्लास्टर ते नव्हे. फेकल्यामुळे गारा दगडांच्या फटींत घुसतो, हवा अडकत नाही आणि खरखरीत पृष्ठभागावरून पाणी लवकर सुकतं. प्रमाण : मुरलेला चुना १, धारदार वाळू ३, त्यात ६ मिमीपर्यंतचे खडे. फलकाला १२ मिमी जाडीने सव्वातीन लिटर. एक लिटर चुना आणि तीन लिटर वाळूत जेमतेम भागतं, कारण चुना वाळूच्या पोकळ्यांत जातो. वाया जाणारं धरून दीडपट कालवायचं.

क्रम : भिंत भिजवायची, मोठ्या फटींत चिपा ठोकायच्या, पहिला हात पातळ फेकायचा, तो घट्ट झाल्यावर दुसरा. मग ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला थोडी ओल लागते. कोरड्या उन्हात तो वरच्यावर सुकतो आणि भुकटी होतो. सततच्या पावसात उलट अडचण : छिद्रं पाण्याने भरलेली राहतात, हवा आत जात नाही, आठवड्यानंतरही नख रुततं. फलक आडोशाला, पंख्याविना. स्कॉटलंडमध्ये याच्या जोडीला गारा गोठण्याची भीती, म्हणून तिथे थंडीत हार्ल करत नाहीत. वर चुन्याच्या पाण्याचे पाच-सहा पातळ हात, लोहाच्या मातकट लाल रंगाची चिमूट घालून.

विसाव्या शतकात क्रेगिवारला सिमेंटचं हार्ल झालं होतं. सिमेंट कडक, भिंत चुन्याची आणि हलणारी. बारीक तडे जातात, तड्यातून पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट नाही. आतल्या भिंती ओलावतात, आणि क्रेगिवारच्या आत सतराव्या शतकातली प्लास्टरची नक्षीदार छतं आहेत. २००७ ते २००९ मध्ये सिमेंट काढून पुन्हा चुन्याचं हार्ल केलं. आपल्याकडच्या किल्ल्यांवर तटाला सिमेंटचे दर्जे भरलेले दिसतात, तिथेही रोग हाच.

२२ ऑगस्ट

तौलनिक नमुने, १:२००, नुसते ठोकळे.

बॉर्थविक : १४३० चा बांधकामाचा परवाना, मधल्या ठोकळ्याला दोन पंख, भिंती जागोजाग चार मीटरपर्यंत. १६५० मध्ये क्रॉमवेलच्या तोफांनी पूर्वेकडचा दर्शनी दगड फोडला, तो व्रण अजून आहे. जाड भिंतीची मर्यादा दाखवायला हा पुरेसा.

क्लेपॉट्स, डंडीजवळ : भिंतीवर कोरलेली सालं १५६९ आणि १५८८. आयताच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना गोल बुरूज, म्हणजे झेड आकार. दोन बुरुजांतून आयताच्या चारही बाजूंवर मारा करता येतो, चार बुरूज बांधायची गरज नाही. तळाला रुंद तोंडाच्या जंग्या, म्हणजे बंदुकीने मारा करायची भोकं. त्यातली एक स्वयंपाकघराच्या चुलवणाच्या मागच्या भिंतीत आहे. ती चालवायची तर आधी चूल विझवायची. संरक्षण आणि घरपण यांची ओढाताण या एका भोकात दिसते.

गोल बुरुजांच्या डोक्यावर चौकोनी खोल्या, तोड्यांच्या थरांवर पुढे काढलेल्या. ठोकळ्यात हा बदल चार थरांत घ्यायचा. एकदम गोलावर चौकोन ठेवला तर टोपी घातल्यासारखा दिसतो.

२ सप्टेंबर

बार्मकिनमधल्या इमारती. टॉवर एकटा उभा दाखवला की लोकांना वाटतं सगळं घर आतच होतं. पश्चिमेच्या आवारात उत्खननात बाहेरचं दालन आणि स्वयंपाकघर यांचे पाये सापडले आहेत; स्कॉट घराण्याने सतराव्या शतकात तिथे दुमजली घर बांधलं. दोन्ही काळ एकाच जागी, म्हणून पाये १० मिमी उंच आणि दोन रंगांत : प्रिंगलांचे काळपट, स्कॉटांचे लालसर. जिथे नवी भिंत जुन्या पायावर चढते तिथे दोन्ही रंगांचे थर छेदात दाखवले.

पुढे हे घराणं टॉवर सोडून खालच्या सँडीनाउच्या शेतघरात राहायला गेलं. पोलिओ झालेला लहानगा वॉल्टर स्कॉट (जन्म १७७१) आजोबांकडे याच शेतावर राहिला. ही माहिती शेवटच्या पाटीवर, दोन ओळींत. १९८० च्या दशकात टॉवरची डागडुजी झाली, आता तो हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंडच्या ताब्यात.

उरलेलं : सरकत्या भागाच्या रुळाला मेण, छेदाच्या कडेला भरावाचा तिसरा रंग, पाट्यांवर मापांखाली ‘अदमासे’ आणि ‘मॉडेलसाठी धरलेले’ असे दोन वेगळे शिक्के.